गणित विभागाच्या यशाची यादी कशी वाचायची?

नागपुरात एम.एस्सी.चे प्रवेश सुरू झाले, की बी.एस्सी. झालेली मुलं आणि त्यांचे आईवडील चौकशीला निघतात. अमरावती रोडवरचा विद्यापीठाचा कॅम्पस, शासकीय विज्ञान संस्था, व्हीएनआयटी म्हणजे नागपूरची एनआयटी, शिवाय गणिताचे पदव्युत्तर वर्ग असलेली महाविद्यालयं. जवळपास प्रत्येक ठिकाणी विभागाच्या यशाचा एक फलक किंवा माहितीपत्रकातलं एक पान बघायला मिळतं. त्यावरच्या ओळी साधारण अशा असतात: एक विद्यार्थिनी नेट-जेआरएफ, तिघे सेट उत्तीर्ण, एक जण जॅममधून आयआयटीत, दोघांना पीएच.डी., प्राध्यापकांचे बारा शोधनिबंध ‘स्कोपस’ या आंतरराष्ट्रीय सूचीतल्या नियतकालिकांत, एक पेटंट प्रकाशित, एक संशोधन प्रकल्प मंजूर.

शेजारच्या रसायनशास्त्र विभागाच्या पाटीवर शोधनिबंधांचा आकडा तिप्पट आणि प्रकल्पांची रक्कम कोट्यवधींत असू शकते. दोन्ही पाट्या वाचून आलेला बाप मुलीला म्हणतो, ‘गणितात काही दम दिसत नाही गं.’ मला हे ऐकून फार वाईट वाटतं, कारण तो आकडे बरोबर वाचतो, फक्त त्यांचं माप चुकीचं लावतो. गणितातल्या यशाच्या ओळी वेगळ्या रीतीने वाचाव्या लागतात. काही ओळी दिसतात त्याहून कितीतरी मोठ्या असतात आणि काही दिसतात त्याहून बऱ्याच लहान. म्हणून एकेक ओळ घेऊन बघू. सगळ्यांवर सारखा वेळ घालवणार नाही, कारण सगळ्यांचं वजन सारखं नाही.

विद्यार्थ्यांच्या परीक्षा

जॅमपासून सुरुवात करू, कारण ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुलं देतात. देशभरच्या आयआयटींमध्ये एम.एस्सी.ला प्रवेश देणारी ही सामाईक परीक्षा २००४ पासून घेतली जाते. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. तिचे गुण एनआयटींच्या एम.एस्सी. प्रवेशालाही चालतात, त्यामुळे नागपूरच्या मुलीला घर न सोडता व्हीएनआयटीत गणित शिकायचं असेल तरी जॅम उपयोगी पडते. ‘आमचे दोन विद्यार्थी जॅममधून गेले’ असं एखादं महाविद्यालय सांगत असेल, तर तिथल्या बी.एस्सी.च्या शिकवण्याला दाद द्यावी. एम.एस्सी.च्या विभागाने ही ओळ स्वतःच्या खात्यावर लिहिली असेल, तर मात्र ते विद्यार्थी बी.एस्सी. कुठून झाले हे विचारून घ्यावं.

आता नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची आणि संशोधनासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. इथे जरा थांबू या, कारण या ओळीबद्दल सर्वांत जास्त गोंधळ आहे.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नेटमध्ये गणित हा विषयच नाही. विज्ञानाच्या पाच विषयांची नेट सीएसआयआरची (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची) म्हणून ओळखली जाते आणि त्यात ‘गणितीय विज्ञान’ हा एक विषय आहे. संख्याशास्त्रही त्याच प्रश्नपत्रिकेत येतं. तीन तासांचा, २०० गुणांचा पेपर. पहिल्या भागात सामान्य आकलनाचे २० प्रश्न, त्यातले १५ सोडवायचे, प्रत्येकी २ गुण. दुसऱ्या भागात ४० पैकी २५, प्रत्येकी ३ गुण. तिसऱ्या भागात ६० पैकी फक्त २० प्रश्न सोडवायचे आणि प्रत्येकाला पावणेपाच गुण.

मुलांची खरी झोप उडवतो तो हा तिसरा भाग. त्यात चार पर्यायांपैकी एक, दोन, तीन किंवा चारही बरोबर असू शकतात आणि जेवढे बरोबर आहेत तेवढे सगळे ओळखले तरच गुण मिळतात. या भागात चुकलात तर गुण कापत नाहीत, पण अर्धवट बरोबर उत्तराला शून्य. त्या धाटणीचा एक प्रश्न मी इथे रचून दाखवतो.

० आणि १ यांच्या मधल्या संख्यांवर, दोन्ही टोकं सोडून, एक सलग फलन (फंक्शन) दिलं आहे. पुढचं काय खरं? पहिला पर्याय: या फलनाच्या किमती एका मर्यादेत राहतात. दुसरा: फलन एकसमान सलग असेल, म्हणजे त्याची सलगता सगळीकडे एकाच मापाने टिकत असेल, तर किमती मर्यादेत राहतात. तिसरा: एकमेकींच्या जवळजवळ येत जाणाऱ्या पदांच्या क्रमिकेला, म्हणजे कॉशी क्रमिकेला, हे फलन लावलं तर मिळणारी क्रमिकाही कॉशी असते. चौथा: फलन प्रत्येक कॉशी क्रमिकेची कॉशी क्रमिकाच करत असेल, तर ते एकसमान सलग असतं.

पहिला पर्याय पाडायला एक उदाहरण पुरतं: १/क्ष. क्ष शून्याकडे सरकला की किंमत वाढतच जाते. तेच उदाहरण तिसराही पाडतं. १/२, १/३, १/४ अशी पदं घ्या, ती एकमेकांच्या जवळ येतात. फलन लावल्यावर मिळतात २, ३, ४ आणि ती जवळ येत नाहीत. दुसरा खरा. चौथाही खरा, पण तो चटकन पटत नाही. टोकांवर फलन नीट वाढवता येतं, मग तो मध्यांतर बंद आणि मर्यादित होतो आणि तिथलं सलग फलन एकसमान सलग असतंच, ही सगळी साखळी मनात जुळावी लागते. फक्त दुसऱ्यावर खूण करून चौथा सोडला, तर शून्य.

आपल्या विद्यापीठीय परीक्षांत बहुतेक वेळा ‘प्रमेय सांगा व सिद्ध करा’ असं विचारलं जातं. ते प्रमेय पाठ करून येता येतं. वरचा प्रश्न पाठांतराने सुटत नाही, त्यासाठी प्रमेयातली एकेक अट काढली तर काय कोसळतं हे माहीत असावं लागतं. म्हणून एम.एस्सी.ला ऐंशी टक्के मिळवलेली मुलगी नेटमध्ये अडखळते, तेव्हा घरच्यांनी तिच्या मेहनतीवर शंका घेऊ नये. तिने ज्याची तयारी केली आणि इथे जे विचारलं, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या विभागात दरवर्षी एक-दोन जण नेट पार करतात, तिथे कुणीतरी वर्गात अशा प्रतिउदाहरणांवर वेळ देतंय असं मी समजतो.

आणखी एक बारकावा आहे. २०२४ पासून नेटच्या निकालाला तीन पायऱ्या आहेत. सर्वांत वर जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती. त्यात शिष्यवृत्ती, सहायक प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएच.डी. प्रवेशाची पात्रता, तिन्ही मिळतात. मधल्या पायरीवर सहायक प्राध्यापकपद आणि पीएच.डी. प्रवेश. खालच्या पायरीवर फक्त पीएच.डी. प्रवेशाची पात्रता. पाटीवर नुसतं ‘नेट उत्तीर्ण’ लिहिलं असेल तर यातली कोणती पायरी हे विचारायला संकोच करू नका. जेआरएफ असेल तर सध्याच्या दराने पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. गोंदिया किंवा भंडाऱ्याच्या शेतकरी घरातल्या मुलीसाठी याचा अर्थ असा की पाच वर्षं संशोधन करताना तिला घरी पैसे मागावे लागणार नाहीत. या एका ओळीने एखाद्या कुटुंबाचं सगळं गणित बदलतं, म्हणून ती ओळ ठळक अक्षरांत लिहिली तर मला त्यात काहीच वावगं वाटत नाही.

सेट ही राज्याची परीक्षा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि नागपूर तिचं एक केंद्र असतं. सहायक प्राध्यापकपदाची पात्रता मिळते, शिष्यवृत्ती नाही. प्रत्येक प्रश्नाला एकच बरोबर पर्याय आणि चुकीला गुण कापणं नाही, त्यामुळे पेपरचा बाज नेटपेक्षा वेगळा. तरी ती सोपी म्हणून हिणवू नये; परीक्षेला बसलेल्यांपैकी साधारण सहा टक्केच पात्र ठरवले जातात. मात्र पात्रता म्हणजे नोकरी नव्हे, हे विदर्भातल्या घराघरांत माहीत आहे. नेट-सेट झालेले, पीएच.डी. असलेले कित्येक जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवत आहेत. यात त्यांच्या विभागाचा दोष नाही आणि त्यांच्या यशालाही त्यामुळे कमीपणा येत नाही, पण पालकांनी ही ओळ वाचताना ते ध्यानात ठेवावं.

गेट ही अभियांत्रिकी आणि विज्ञान पदवीधरांची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होणं चांगलं. गुणांक तीन वर्षं चालतो आणि आयआयटीत पीएच.डी.च्या मुलाखतीचं दार त्याने उघडतं. विद्यापीठाची सुवर्णपदकं ही त्या वर्षीच्या परीक्षेतली मेहनत सांगतात, त्यापेक्षा जास्त त्यांच्याकडून अपेक्षा करू नये.

पण एक ओळ अशी आहे जी लोक वाचून पुढे जातात आणि मी तिथे थबकतो: ‘एमटीटीएससाठी निवड’. १९९३ मध्ये प्रा. एस. कुमारेसन यांनी सुरू केलेला हा उन्हाळी उपक्रम. देशभरातून निवडलेली मुलं काही आठवडे एकत्र राहून गणित करतात. तिथे रँक नाही, पदक नाही. शिक्षक फळ्यावर सिद्धता लिहून देत नाहीत, मुलांना प्रश्न विचारत राहतात आणि मुलांनीच ती उभी करायची असते. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी तिथून परत येते ती ‘सर, ही अट नसेल तर काय होईल?’ असं विचारतच. पदवीच्या मुलांसाठीची माधव गणित स्पर्धा आणि राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची पीएच.डी.ची शिष्यवृत्ती यांनाही मी असंच वरचं स्थान देईन. हे मंडळ अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत १९८३ मध्ये स्थापन झालं. त्याच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेत आकलनाचाच कस लागतो.

पीएच.डी. मिळाली, म्हणजे नेमकं काय केलं?

पेट, म्हणजे विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा, किंवा नेट, मग कोर्सवर्क, मग आराखडा मंजूर करणारी समिती, दर सहा महिन्यांचा प्रगती अहवाल, प्रबंध, बाहेरचे परीक्षक, शेवटी खुली मौखिक परीक्षा. किमान तीन वर्षं तर लागतातच, बहुतेकांना त्याहून जास्त. पण त्या बांधीव प्रबंधाच्या आत काय असतं, हे घरच्यांना सहसा कुणी सांगत नाही. प्रयोगशाळा नाही, नमुने नाहीत, मग ‘शोध’ कसला?

नागपूर-अमरावती पट्ट्यात गणिताच्या संशोधनाचे दोन जुने ओढे आहेत: एक सापेक्षता आणि विश्वरचनेची गणिती प्रारूपं, दुसरा उष्णतेमुळे घन वस्तूंत निर्माण होणाऱ्या ताणांचं गणित. इथल्या प्रबंधांच्या शीर्षकांत ‘बियांची’ हे नाव वारंवार भेटतं. लुइजी बियांची हे इटालियन गणिती. त्यांनी १८९८ मध्ये त्रिमितीय अवकाशांच्या सममितीचं नऊ प्रकारांत वर्गीकरण केलं. आइनस्टाइनचा व्यापक सापेक्षता सिद्धांत त्यानंतर सतरा वर्षांनी आला आणि हे वर्गीकरण त्यात अगदी चपखल बसलं.

ते कसं, ते बघू. आइनस्टाइनची क्षेत्र समीकरणं दहा, सगळी एकमेकांत गुंतलेली. ती सरसकट सोडवणं अशक्यप्राय. म्हणून गणिती एक गृहीतक धरतो: विश्व सगळ्या ठिकाणी सारखं आहे, पण सगळ्या दिशांना सारखं फुगत नाही. पूर्व-पश्चिम वेगळ्या दराने, उत्तर-दक्षिण वेगळ्या, वर-खाली वेगळ्या. हा बियांची प्रकार १. एवढं धरलं की दहांपैकी चारच समीकरणं उरतात आणि तीही फक्त काळावर अवलंबून असलेली.

विश्वात पदार्थ काहीच नाही असं मानलं तर त्यांचं उत्तर एडवर्ड कासनर यांनी १९२१ मध्ये दिलं. तिन्ही दिशांतली अंतरं काळाच्या तीन घातांप्रमाणे बदलतात आणि त्या तीन घातांवर दोनच अटी येतात: तिघांची बेरीज १ आणि तिघांच्या वर्गांची बेरीजही १.

आता हे दहावीच्या बीजगणिताने तपासता येतं. तिन्ही घात समान घ्या, १/३, १/३, १/३. बेरीज १ झाली, पण वर्गांची बेरीज होते १/३. म्हणजे असं रिकामं विश्व सगळ्या दिशांना सारखं फुगूच शकत नाही. आता २/३, २/३ आणि −१/३ घ्या. बेरीज १. वर्ग ४/९, ४/९ आणि १/९, त्यांचीही बेरीज १. जमलं! पण त्यातला एक घात ऋण आहे, म्हणजे दोन दिशांना विश्व पसरतं आणि तिसऱ्या दिशेला आकसतं. हे या एका उदाहरणापुरतं आहे का? नाही. बेरजेचा वर्ग करा: १ बरोबर वर्गांची बेरीज अधिक दोन-दोनच्या गुणाकारांच्या बेरजेची दुप्पट. वर्गांची बेरीज आधीच १ आहे, तेव्हा ते गुणाकार मिळून शून्य व्हायला हवेत. तिन्ही घात धन असते तर ते शून्य झालेच नसते. म्हणून १, ०, ० ही एक अपवादात्मक जोडणी सोडली, तर एक दिशा आकसणारच.

कागद-पेन्सिलीवर चार ओळींत विश्वाबद्दल एवढं ठाम विधान करता येतं. मला आजही हे बघताना भारावून जायला होतं. इथला शोधविद्यार्थी हेच पुढे नेतो: विश्वात द्रव्य भरतो, विश्वस्थिरांक घालतो किंवा गुरुत्वाचा नियमच थोडा बदलतो आणि विचारतो, सुरुवातीला वाकडंतिकडं फुगणारं विश्व काळाच्या ओघात सगळ्या दिशांना सारखं होतं का? कारण आकाशाच्या सर्व बाजूंनी येणारं, विश्वाच्या सुरुवातीच्या काळातलं पार्श्वप्रारण एक लाखात एक इतक्याच फरकाने सारखं आहे. ज्या प्रारूपात विश्व शेवटी सारखं होत नाही, ते निरीक्षणाशी जुळत नाही.

उष्णता-ताणाच्या विषयाचं मूळ तर आपल्या मे महिन्यातच दिसतं. पोलादी रूळ ३० अंशांनी तापला आणि त्याला लांबायला जागाच दिली नाही, तर त्याच्या दर चौरस मिलिमीटरवर सुमारे ७२ न्यूटन, म्हणजे सात किलोंहून जास्त वजनाइतका दाब तयार होतो. हा साधा, सरळ दांड्याचा हिशोब. तीच वस्तू गोल चकती असेल, एका कडेने तापत असेल, दुसऱ्या कडेने निवत असेल, आतच उष्णतेचा स्रोत असेल, तर आंशिक विकलक समीकरणं आणि त्यांच्यासाठी खास परिवर्तनं लागतात. नागपूरच्या कितीतरी प्रबंधांत हे काम आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. या दोन्ही विषयांत एक गृहीतक बदलून पुढचा शोधनिबंध लिहिणं तुलनेने सोपं असतं. द्रव्याचा प्रकार बदला, नवं उत्तर; चकतीऐवजी पोकळ नळी घ्या, नवं उत्तर. असं काम खोटं नसतं, बरोबरच असतं, पण दर वेळी त्यातून नवीन काही कळतंच असं नाही. चांगला मार्गदर्शक विद्यार्थ्याला इथेच अडवतो आणि विचारतो, ‘हे उत्तर आल्यावर आधी माहीत नसलेलं काय समजलं?’ मौखिक परीक्षा खुली असते, कुणीही जाऊन बसू शकतं. त्या प्रश्नाला विद्यार्थी काय उत्तर देतो ते एकदा ऐकाच.

प्राध्यापकांचे शोधनिबंध आणि त्यांचे आकडे

शुद्ध गणितात शोधनिबंधावरची नावं आडनावाच्या वर्णक्रमाने लावायची पद्धत आहे. त्यामुळे ‘प्रथम लेखक’ या शब्दाला तिथे फारसा अर्थ उरत नाही. जीवशास्त्रात ज्याचं नाव पहिलं त्याने मुख्य काम केलं असं मानतात. तोच निकष गणिताला लावला, तर इंग्रजीत झेडने सुरू होणाऱ्या आडनावाचा माणूस जन्मभर शेवटचाच राहील. उपयोजित गणितात आपल्याकडे हा संकेत सरसकट पाळत नाहीत, हेही खरं.

संख्येचंही तसंच. चांगल्या गणिती नियतकालिकाला निबंध पाठवला की परीक्षक प्रत्येक ओळ तपासतो, त्यात कित्येक महिने, कधी वर्ष-दोन वर्षं जातात. वर्षाला एक ठोस निबंध लिहिणारा गणिती आळशी नसतो. यितांग झांग यांचंच बघा. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर विद्यापीठात ते व्याख्याते होते, वय पन्नाशीच्या पुढे, नावावर मोजकेच निबंध. २०१३ मध्ये त्यांनी सिद्ध केलं, की ज्यांच्यातलं अंतर ७ कोटींपेक्षा कमी आहे अशा मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. अंतराला अशी कुठलीही ठरावीक मर्यादा त्याआधी कुणालाच सिद्ध करता आली नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी आकड्यांवर त्यांचं मूल्यमापन केलं असतं, तर ते कुठल्याच यादीत आले नसते.

उद्धरणांची, म्हणजे सायटेशन्सची, गोष्ट आणखी नाजूक. गणितात लोक कमी, निबंध कमी आणि जुना निबंध चाळीस वर्षांनी उपयोगी पडतो. इम्पॅक्ट फॅक्टर मात्र मागच्या दोन वर्षांतल्या निबंधांना मिळालेली उद्धरणं मोजतो. म्हणून ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या गणितातल्या अग्रगण्य नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर एक आकडी, तर वैद्यकातल्या ‘लॅन्सेट’चा त्याच्या कितीतरी पट. एच-इंडेक्स हे माप जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवलं: दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा उद्धरणं असली की एच-इंडेक्स दहा. वेगवेगळ्या विषयांतली माणसं त्याने तोलणं म्हणजे सोनाराच्या काट्यावर आणि कापूस बाजाराच्या काट्यावर आलेले आकडे एकाच वहीत मांडणं.

शिवाय उद्धरणं मुळातच कमी असल्यामुळे ती फुगवणंही सोपं. चार-पाच जणांनी ठरवून एकमेकांचे निबंध उद्धृत केले, की गणितात तेवढ्यानेही माणूस वर चढतो. हा प्रकार जगभर इतका वाढला, की क्लॅरिव्हेट कंपनीने २०२३ मध्ये सर्वाधिक उद्धृत संशोधकांच्या आपल्या यादीतून गणित हा विषयच वगळला. तेव्हा एखाद्या गणितज्ञाच्या नावापुढे हजारो उद्धरणं दिसली की भुलून जाऊ नये आणि कुणाची शंभरच दिसली म्हणून नाकही मुरडू नये.

मग तपासायचं कसं? गणिताला एक सोय आहे जी फार थोड्या विषयांना आहे. १९३१ पासून चालत आलेली ‘झेंट्रालब्लाट’ आणि १९४० पासूनची अमेरिकन ‘मॅथेमॅटिकल रिव्ह्यूज’, या दोन्ही ठिकाणी जगभरच्या गणिती निबंधांची नोंद होते आणि अनेकांवर दुसऱ्या गणितज्ञाने लिहिलेला परिच्छेद-दोन परिच्छेदांचा अभिप्राय असतो. पहिली सूची २०२१ पासून सर्वांना मोफत खुली आहे. प्राध्यापकांचं नाव टाका, निबंध कुठे छापले आणि त्यावर कुणी काय म्हटलं हे घरबसल्या दिसतं. पाटीवर ‘यूजीसी-केअर’ असं लिहिलेल्या जुन्या ओळीही असतील. मान्य नियतकालिकांची ती सूची २०२५ मध्ये यूजीसीने बंद केली, आता नियतकालिकाची पारख संस्थेनेच करायची आहे.

पेटंट, प्रकल्प आणि बाकीचं

भारतीय पेटंट कायद्याच्या, १९७० च्या, कलम ३(के) प्रमाणे गणिती पद्धतीला पेटंट मिळतच नाही. पायथागोरसचं प्रमेय कुणाच्या मालकीचं होऊ शकत नाही आणि ते योग्यच आहे. त्यामुळे गणित विभागाच्या यादीत पेटंट दिसलं, तर ते सहसा दुसऱ्या शाखेच्या लोकांबरोबर केलेल्या एखाद्या उपकरणाचं असतं. ‘प्रकाशित’ आणि ‘मंजूर’ यांतला फरकही बघावा. अर्ज केल्यावर साधारण अठरा महिन्यांनी तो पेटंट कार्यालयाकडून आपोआप प्रकाशित होतो, तोवर त्याची परीक्षाही झालेली नसू शकते. प्रकाशित म्हणजे अर्ज दाखल झाला, एवढंच. कॅस या योजनेतल्या प्राध्यापकांच्या बढतीच्या आणि महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या गुणांसाठी अशा ओळी वाढत चालल्या आहेत, याचं मला मनापासून दुःख होतं. गणिताच्या प्राध्यापकाचा वेळ सिद्धतेत आणि विद्यार्थ्यांत जायला हवा.

प्रकल्पांची रक्कम बघून तर मुळीच हुरळू किंवा खचू नये. गणितासाठीची मॅट्रिक्स ही केंद्राची योजना वर्षाला २ लाख रुपये, तीन वर्षं, इतकीच देत आली. रसायनशास्त्रातल्या एखाद्या यंत्राच्या देखभालीलाही तेवढे लागतात. गणितज्ञाला पुस्तकं, संगणक, प्रवास आणि मोकळा वेळ हवा असतो, ते त्यात भागतं. म्हणून गणितात ६ लाखांचा प्रकल्प ही भरभक्कम ओळ आहे.

विदर्भातल्या गणित विभागांच्या यादीत ‘आयुकाचे व्हिजिटिंग असोसिएट’ अशी एक ओळ दिसते. पुण्याची ही संस्था १९८८ मध्ये जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने उभी राहिली ती विद्यापीठांतल्या शिक्षकांना खगोलशास्त्रात संशोधन करता यावं म्हणूनच. असोसिएट झालेला शिक्षक काही वर्षं तिथे येऊन-जाऊन राहू शकतो, तिथलं ग्रंथालय आणि संगणक वापरू शकतो, आपल्या विद्यार्थ्यालाही घेऊन जातो. गडचिरोलीहून शिकायला आलेल्या मुलाला त्या निमित्ताने पहिल्यांदा जगभरचे संशोधक चहाच्या टेबलावर भेटतात, हा या ओळीचा सर्वांत मोठा लाभ.

कार्यशाळेतला सहभाग, ‘साधनव्यक्ती’ म्हणून निमंत्रण, परिषदेत सादर केलेला निबंध, ही सगळी नेहमीची कामं. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेस नागपूर विद्यापीठात भरली, तेव्हा शहरातल्या अनेकांच्या नावापुढे अशी एक ओळ वाढली. चांगलंच झालं, पण संशोधनाचा कस तिथे लागत नाही.

पाटीवर न लिहिलेलं

गणिताच्या एम.एस्सी.ला येणारी आपल्याकडची बरीच मुलं मराठी माध्यमातून, तालुक्याच्या महाविद्यालयातून येतात. सगळी पुस्तकं इंग्रजीत, पहिल्याच सत्रात टोपॉलॉजी आणि अमूर्त बीजगणित. पहिले दोन महिने ती गप्प असतात. ज्या विभागात एखादा शिक्षक तास संपल्यावर मराठीत पुन्हा एकदा समजावतो, सेमिनारमध्ये चुकल्यावर हसू देत नाही, दुसऱ्या वर्षाच्या मुलींना पहिल्या वर्षाचे प्रश्न सोडवून घ्यायला लावतो, तिथली मुलं तिसऱ्या सत्रात फळ्यासमोर उभी राहून सिद्धता लिहितात. या कामाला कुठल्याही नमुन्यात रकाना नाही. तसाच रकाना नाही जिल्हा परिषदेच्या किंवा खासगी शाळांत गणित शिकवायला गेलेल्यांना, बँकेत लागलेल्यांना, विमा आणि डेटाच्या कंपन्यांत गेलेल्यांना. विभागांनी त्यांचीही नोंद ठेवावी, असं मला कळकळीने वाटतं, कारण बहुसंख्य मुलं तिकडेच जातात आणि नव्याने येणाऱ्याला तीच माहिती हवी असते.

प्रवेशाआधी विभागात गेलात, तर यश मागच्या वर्षीचं आहे की दहा वर्षांचं मिळून, हे आधी विचारा. नेट-सेटला किती बसले आणि किती झाले, हेही विचारा. पस्तीस जणांतले तीन आणि पाच जणांतले तीन यांत मोठा फरक आहे. विद्यार्थ्यांना ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत मिळतं आणि आठवड्याला प्रश्न सोडवण्याचा वेगळा तास आहे का, ते बघा. आणि दुसऱ्या वर्षाच्या कुणा विद्यार्थिनीला विनंती करा, की यंदा शिकलेलं आवडीचं एक प्रमेय फळ्यावर समजावून सांग. पाच-दहा मिनिटं लागतील. दोन-तीन विभागांत हे करून पाहिल्यावरच प्रवेशाचा अर्ज भरा.